सुळक्यावरचे सभ्य गृहस्थ

दिवाळी सरली आणि कातळाच्या सड्यावरचं गवत पिवळं पडायला लागलं. इकडे मंडणगडात भातं कापून झाली आहेत, खळ्यांत भाऱ्यांच्या उडव्या रचल्या आहेत, आणि सकाळी दार उघडलं की ओलसर पेंढ्याचा वास घरात शिरतो. आकाश इतकं स्वच्छ असतं की लांबचे डोंगर हात लांबवून शिवावेत असे दिसतात. माणसांना हा मोसम आवडतो. मलाही आवडायचा. आता मात्र गवत पिवळं दिसलं की मला रत्नागिरीचं सह्यारोहण मंडळ आठवतं, आणि सकाळचा चहा कडू लागतो.

मी मुरुडची. आमच्याकडे डोंगर होता तो लाकूडफाट्याला, करवंदांना आणि चुकलेली गाय शोधायला. बायका डोक्यावर मोळी घेऊन चढायच्या, उतरायच्या, आणि घरी येऊन चूल पेटवायच्या. डोंगरावर जाऊन आलं म्हणून कुणी कुणाला हार घातल्याचं मी लहानपणी पाहिलं नाही. डोंगर जिंकायचा असतो हे मला लग्न होऊन रत्नागिरीला आल्यावर कळलं, आणि ज्यांनी ते मला शिकवलं त्यांना माजघराचा उंबरठा ओलांडतानाही धाप लागत असे.

सुरुवात एका गोऱ्या साहेबापासून झाली. त्या साहेबाविषयी मला तक्रार नाही. त्याला चढायचा नाद होता आणि तो खरोखर चढायचा. रविवारी सकाळी किल्ल्याखालच्या कड्यांना घोरपडीसारखा चिकटलेला दिसायचा. खाली लाटा फुटत असायच्या आणि होड्यांवरचे खारवी मान वर करून बघत राहायचे. पण साहेब चढतो म्हटल्यावर गावातल्या सभ्य गृहस्थांच्या अंगातही एकदम डोंगर संचारला. आमच्या यांच्या कचेरीतले वरिष्ठ, आबासाहेब, त्यांत सर्वांत पुढे. त्यांनी मंडळ काढलं, घटना लिहिली, फलक रंगवून घेतला आणि आरोहणप्रमुख हे पद स्वतःकडे ठेवलं. पावसाळ्याच्या तोंडाशी साहेबाची बदली झाली. जाताना त्यानं मंडळाला आपला विलायती दोर, एक दुर्बीण आणि बर्फ फोडायची कुऱ्हाड भेट दिली. रत्नागिरीत बर्फ यायचा तो आगबोटीनं, लाकडाच्या भुशात गुंडाळून. त्यासाठी कुऱ्हाड लागत नसे. तरी ती कुऱ्हाड आबासाहेबांच्या दिवाणखान्यात देवासारखी भिंतीवर चढली.

साहेब गेला, आता मंडळ बुडालं, असं मला वाटलं होतं. पण फलक रंगवून झाला होता, आणि आपल्याकडे रंगवलेला फलक कुणी उतरवत नाही.

त्या वर्षी पाऊस थांबल्यावर शिक्षण सुरू झालं. गावाबाहेर एक जुनी चिऱ्यांची खाण होती. चिरे काढून काढून तिच्या भिंती उभ्या तासल्यासारख्या झालेल्या. तिथे ही मंडळी संध्याकाळी जमायची. पट्टेवाला आबासाहेबांची खुर्ची घेऊन पुढे चालायचा, मागून छत्री यायची, आणि त्यामागून आबासाहेब. खुर्चीत बसून ते इंग्रजी पुस्तकातून वाचून दाखवायचे, आणि बाकीचे त्याप्रमाणे जांभ्याला लोंबकळायचे.

"श्वास नाकानं घ्या," आबासाहेब सांगायचे. "पुस्तकात तसं आहे."

कुणी घसरून पडलं तर ते पान उलटून बघायचे, पडण्याबद्दल काय लिहिलंय ते.

आमचे हे, कचेरीतले विष्णुपंत, त्या लोंबकळणाऱ्यांत होते. अंगानं किरकोळ, चष्मा लावणारे, कचेरीतून आल्यावर कान किंचित लाल झालेले. पायांना खाकी पट्ट्या गुंडाळायच्या त्या निम्म्या वाटेत सुटायच्या. घरी यायचे तेव्हा धोतर, सदरा, भुवया, सगळं जांभ्याच्या धुळीनं लालेलाल. ते धुवायचं काम अर्थातच माझं. विहिरीवर ते धोतर आपटता आपटता मी एकदा विचारलं,

"तुम्हाला डोंगर आवडतो का?"

"आबासाहेब म्हणाले, यायला हवं."

"मी डोंगराचं विचारत्ये."

ते सुटलेली पट्टी गुंडाळत बसले. "आवडायला काय हरकत आहे?" म्हणाले.

हे असं उत्तर ऐकलं की माझ्या मनात जे यायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याला तुच्छ लेखणाऱ्या बायका जगात पुष्कळ असतील. त्या तसं कबूल करत नाहीत एवढंच. मी त्यांना 'अहो' म्हणायचे, त्यांच्याआधी जेवायचे नाही, आणि मनातून त्यांना पट्टेवाल्याच्या रांगेत उभं करायचे. आबासाहेबांची खुर्ची त्यानं उचलली, आबासाहेबांचा शब्द यांनी उचलला. फरक काय?

त्या सगळ्या मेळ्यात डोंगराचा खरा लोभ होता तो एकट्या दामले मास्तरांना. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. तरुण, एकटे, जवळच्याच आळीत बिऱ्हाड. रविवारी आमच्याकडे जेवायला असायचे. हात धुऊन पानावर बसेपर्यंत चुलीतल्या कोळशानं माझ्या सारवलेल्या जमिनीवर कड्याचं चित्र काढून मोकळे व्हायचे.

"वहिनी, दगडाला हात लावला ना, की तो सांगतो कुठे धरायचं ते."

"मग तो आबासाहेबांना का नाही सांगत?"

"ते हातमोजे घालतात," मास्तर म्हणाले आणि हसले. हसण्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना कुणाचंच वाईट दिसत नसे. तोच त्यांचा दोष होता.

मंडळाचं पहिलं मोठं आरोहण कार्तिकात ठरलं. संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी एका गावामागे डोंगरापासून सुटलेला एक सुळका आहे. तिकडची माणसं त्याला म्हातारीचं बोट म्हणतात. त्यावर मंडळाचं निशाण लावायचं. आम्हा बायकांनाही नेलं, कारण शिखरावरून उतरल्यावर भूक लागते हे पुस्तकात लिहिलेलं असावं.

त्या सकाळची मला अजून आठवण येते. नदीकाठचं गवत दवानं ओलं, त्यातून चालताना लुगड्याचे काठ भिजत होते. नदी उथळ झाली होती आणि वाळूत दगड पांढरेशुभ्र दिसत होते. ऊन वरून खाली उतरत होतं: आधी डोंगराच्या माथ्याला, मग सुळक्याच्या टोकाला, मग आमच्या चुलीच्या धुराला. एवढी सुंदर सकाळ आणि तिच्या मध्यभागी आबासाहेब, गुडघ्यापर्यंत पट्ट्या, डोक्याला सोला हॅट, हातात बर्फाची कुऱ्हाड. एक पाय दगडावर ठेवून त्यांनी नदीच्या पात्रात फोटो काढून घेतला. पाठीमागे नुसतं आकाश येईल अशी काळजी त्यांनी फोटोग्राफरकडून घेतली. पुढे हा फोटो वाचनालयात लागला. खाली लिहिलं होतं, 'शिखरावर'.

दुर्बीण आमच्यापाशी ठेवली होती, पुरुषांचं कौतुक बघायला. आबासाहेबांच्या पत्नी माईसाहेब आणि मी ती आळीपाळीनं डोळ्यांना लावत होतो. बरेचसे सभासद सुळक्याच्या बुडाशी सावली बघून बसले. वर गेले तिघे. दामले मास्तर पुढे, आबासाहेब मधे, आमचे हे मागे. मागे म्हणजे आबासाहेबांना खालून ढकलायला. तसे ते अर्ध्या उंचीवरच्या एका अरुंद फळीसारख्या जागेवर पोचले. तिथून पुढे कडा सरळ उभा होता. दोराचं एक टोक मास्तरांनी आपल्या कमरेला बांधलं. दुसरं टोक आबासाहेबांनी धरलं, कारण आरोहणप्रमुख ते. आमचे हे बाजूला भिंतीला पाठ लावून उभे.

मास्तर वर चढू लागले. दुर्बिणीतून ते छान दिसत होते. घाई नव्हती. हात फिरवून दगड चाचपायचे, मग पाय उचलायचे. मला वाटलं, हे बघायला मात्र यावं. त्यांचं डोकं वरच्या गवताच्या पट्ट्याला लागणार, एवढ्यात त्यांच्या हाताखालचा दगड निघाला.

आवाज आमच्यापर्यंत आलाच नाही. मास्तर फळीच्या बाजूनं खाली गेले आणि दोर त्यांच्यामागून सापासारखा सळसळत सुटला. आबासाहेबांनी दोन्ही हात उघडले. दोर सुटला नाही, त्यांनी सोडला. हातात निखारा आल्यावर टाकतात तसा. आणि ते भिंतीला जाऊन चिकटले. त्याच क्षणी आमचे हे खाली बसले, पुढच्या खडकाला पाय रेटले आणि उघड्या हातांनी तो पळता दोर धरला. दोर त्यांच्या मुठींतून पळतच राहिला. मग थांबला. फळीच्या खाली, हवेत, मास्तर लोंबत होते, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला.

मी दुर्बीण माईसाहेबांना दिली. त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं.

"मला काही दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "माझी दृष्टी अधू आहे."

याच माईसाहेब सुईत दोरा चष्म्यावाचून ओवायच्या.

थोड्या वेळानं आबासाहेब खाली आले. उतरताना त्यांना ढकलायला कुणी लागलं नाही. "मदत आणायला आलो," म्हणाले, आणि चुलीजवळ बसले.

"दोर कुणी धरलाय?" मी विचारलं.

"मीच धरला होता. आता विष्णुपंतांच्या हाती दिलाय." मग माईसाहेबांकडे वळून म्हणाले, "चहा आहे का?"

मी पदर खोचला आणि गावाकडे धावले. खळ्यावर भात झोडणारी माणसं हातातलं टाकून आली. ती वर पोचेपर्यंत आमचे हे एकटे त्या फळीवर बसून होते. ऊन त्यांच्या डोक्यावरून पलीकडे कललं तरी बसूनच होते. मास्तरांना खालून झेलून डोलीत घातलं, तेव्हा एक म्हातारा गावकरी मला येऊन म्हणाला, "बाय, सोडा आता म्हनतो तरी ह्ये दोर सोडीत न्हाईत."

त्यांची बोटं एकेक करून उघडावी लागली. तळहातांची कातडी दोरानं सोलून नेली होती. त्या दिवशी, परतीच्या वाटेवर, बैलगाडीत ते माझ्यासमोर हात उताणे ठेवून बसले होते आणि मी त्यांच्याकडे प्रथमच बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. मला वाटलं, या माणसाला मी ओळखत नाही. आणि ओळख व्हावी, असंही वाटलं.

ते वाटणं फार टिकलं नाही.

महिन्याभरात वाचनालयाच्या दिवाणखान्यात सत्कारसभा झाली. सत्कार कुणाचा? आबासाहेबांचा. अध्यक्ष म्हणाले, या वीरानं प्राण पणाला लावून आपल्या सोबत्याचा दोर धरला. टाळ्या. मागच्या बाजूला बांबूच्या चिकाच्या पडद्याआड आम्ही बायका. पुढे कुबड्या टेकून दामले मास्तर बसलेले, डोळ्यांत पाणी. त्यांना कुणी धरलं ते त्यांना कुठून दिसणार? ते लोंबत होते. त्यांना जे सांगितलं ते त्यांनी खरं मानलं. आणि आबासाहेबांना हार घालायचा मान मंडळानं दिला तो आमच्या यांना. तळहातांना अजून पट्ट्या बांधलेल्या, त्या हातांनी यांनी तो हार उचलला.

मी पडदा बाजूला केला आणि उभी राहिले.

"आबासाहेबांनी हात दाखवावेत," मी म्हटलं. "दोर धरणाऱ्याचे तळहात सोलवटतात. मी दुर्बिणीतून बघत होते. दोर यांनी धरला. आबासाहेबांनी सोडला."

आबासाहेब शांतपणे म्हणाले, "मी हातमोजे घातले होते, बाई." मग किंचित हसून वळले. "विष्णुपंत, तुमच्या मंडळींचं काय म्हणणं आहे?"

आमच्या यांनी हार टेबलावर ठेवला. दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले. दुखलं असणार, कारण चेहरा वाकडा झाला.

"तिचा गैरसमज झालाय," ते म्हणाले. "ती लांब होती."

त्या दिवाणखान्यातल्या एकेका चेहऱ्याची मला अजून शिसारी येते. अर्ध्याअधिक लोकांना खरं काय ते माहीत होतं. सुळक्याच्या बुडाशी सावलीत बसलेले तेच होते. वकील होते, डॉक्टर होते, भाषणांत सत्य आणि स्वदेश यांवाचून दुसरं न बोलणारे होते. कुणी खाली बघितलं, कुणी अडकित्ता काढला. पण त्या सर्वांवरची माझी तुच्छता एकत्र केली तरी घरी येताना माझ्यापुढे चाललेल्या त्या कोटाबद्दल जी वाटत होती, तिच्याएवढी भरली नसती. भित्रा मनुष्य भित्रेपणानं वागला तर रागावण्यासारखं काही नसतं. पण जो कड्यावर भ्याला नाही, तो सतरंजीवर भ्याला. याला काय म्हणावं?

पुढचं वर्षभर आमच्या घरात कामापुरतं बोलणं होतं. मास्तर रविवारी जेवायला येत राहिले. त्यांचा पाय जुळला, पण किंचित आखूड झाला. मी त्यांना यांच्यादेखत सांगितलं, एकदा सोडून अनेकदा. ते हसून म्हणायचे, "वहिनी, तुम्ही लांबून पाहिलंत." आमचे हे भात कालवत राहायचे. तळहातांवर आता गुलाबी, चकचकीत कातडी आली होती. मी आमटी वाढायचे आणि पातेलं जरा जोरात ठेवायचे.

पुन्हा गवत पिवळं पडलं. पुन्हा खाणीत खुर्ची गेली. एका रविवारी मास्तर जेवताना म्हणाले, "यंदा पुन्हा म्हातारीचं बोट. मी जातोय. पुढे मीच."

"या पायानं?" मी म्हटलं.

"आबासाहेब दोर धरणार आहेत. मग कसली भीती?"

मी यांच्याकडे बघितलं. ते पानावरून उठले. ताक तसंच राहिलं.

निघायच्या सकाळी मोटारतळावर मंडळाची गर्दी होती. निरोप द्यायला निम्मं गाव लोटलेलं. सर्व्हिस मोटारीच्या टपावर दोर आणि कुऱ्हाड चढली होती, आणि मास्तर खिडकीशी बसले होते. आबासाहेब पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. यंदा बायका न्यायच्या नाहीत असं ठरलं होतं. ते का, हे सांगायला नको. आमच्या यांचं नाव जाणाऱ्यांत होतं. मी डबा द्यायला गेले होते. खरं तर मास्तरांना शेवटचं सांगून बघावं म्हणून गेले होते.

आमचे हे मोटारीत चढले नाहीत. ते खिडकीपाशी गेले. नेहमीच्याच आवाजात, कचेरीत कागद पुढे सरकवताना बोलतात तसे, म्हणाले,

"मास्तर, उतरा. आबासाहेबांच्या दोरावर जाऊ नका. गेल्या साली यांनी दोर सोडला होता. मी धरला होता."

आबासाहेबांनी मान वळवली.

"विष्णुपंत, पुन्हा एकदा विचार करून बोला."

"वर्षभर तोच केला," हे म्हणाले.

मास्तर यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मी तो चेहरा हसल्यावाचून कधी पाहिला नव्हता. निराळाच, थोराड दिसला.

"मग सभेत का बोलला नाहीत?" त्यांनी विचारलं.

"नोकरी होती."

मास्तर उतरले. आपली पिशवी घेतली, यांच्याजवळून एक शब्दही न बोलता गेले, आणि लंगडत आळीकडे वळले. त्यानंतर ते आमच्याकडे जेवायला कधी आले नाहीत. रस्त्यात भेटले तर मला नमस्कार करायचे, यांना करायचे नाहीत. मला ते बरोबर वाटायचं. आजही वाटतं.

मोटार मात्र गेली. आबासाहेब गेले, निशाण गेलं, कुऱ्हाड गेली. तिकडे कुणीच सुळक्याला हात लावला नाही म्हणे. नदीकाठी जेवण झालं आणि आसपासच्या वनश्रीवर आबासाहेबांचं व्याख्यान झालं. मंडळ अजून आहे. दर कार्तिकात साप्ताहिकात बातमी येते. आमच्यावर गावानं यथाशक्ती बहिष्कार टाकला. ज्यांना खरं ठाऊक होतं ते जास्त कडवे निघाले. "एवढं वर्ष गप्प होता, मग आताच काय अडलं होतं?" असं वाचनालयाच्या पायरीवर बसून एकमेकांना विचारायचे. मंडणगडला बदलीचा हुकूम आला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही, आम्हालाही नाही.

माझी तुच्छता संपली असं लिहिलं तर ते खोटं होईल. वर्षभर ते गप्प बसले ते बसलेच. मी चारचौघांत उभी राहिले आणि त्यांनी मला खोटं पाडलं, तेही पुसलं जात नाही. एक दिवस खरं बोललं म्हणून मागचे सगळे दिवस धुऊन निघत असते तर रत्नागिरीतले सगळेच गृहस्थ केव्हाच स्वच्छ झाले असते. आमचे हे हा लेख वाचतील. वाचू देत.

रत्नागिरी सोडली त्या दिवशीही गवत असंच पिवळं होतं. मोटारीत पुढे पुरुष आणि मागे बायका अशी बसायची रीत, पण गर्दी नव्हती, म्हणून हे पलीकडच्याच बाकावर होते. संगमेश्वर मागे पडलं. पूर्वेला सह्याद्रीची रांग उघडी झाली, आणि तिच्यापुढे एकटा उभा असलेला तो सुळका दिसला. इतक्या लांबून अगदी बारीक. यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि बघत राहिले. कुणीतरी विचारल्यावाचून ते बोलणार नाहीत हे मला माहीत होतं.

"तिथे भीती वाटली होती का हो?" मी विचारलं.

त्यांनी नीट आठवून बघितलं. उत्तर द्यायला त्यांना नेहमीच वेळ लागतो.

"तिथे काही सुचलंच नाही," ते म्हणाले. "मोटारतळावर वाटली. पाय लटपटत होते. खिडकीचा गज धरला नसता तर पडलो असतो."

पुढच्या बाकावर दोन अनोळखी माणसं होती, आणि एक म्हातारी टक लावून आमच्याकडेच बघत होती. मी माझं गाठोडं उचललं, उठले आणि यांच्या बाकावर जाऊन बसले.